बोडीत एक अख्खा दिवस: कॅलिफोर्नियातलं सोन्याचं ओसाड गाव कसं पाहावं

पहिल्यांदा बोडीला पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. सकाळी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीवेलहून निघालो, युसेमिटी राष्ट्रीय उद्यानात रेंगाळलो, टायोगा खिंडीत फोटो काढले आणि "जाता जाता एक जुनं गाव आहे म्हणे, तेही बघू" म्हणत गाडी वळवली. सहाला फाटक बंद होणार होतं. दीड तासात पळत पळत वीसेक खिडक्यांतून डोकावलो. सोनं काढायच्या गिरणीची त्या दिवसाची शेवटची फेरी होऊन गेली होती आणि संग्रहालयात आवराआवर चालली होती. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या खेपेला आई-बाबा भारतातून आले होते. तेव्हा आम्ही खास बोडीसाठी निघालो, आदल्या रात्री जवळ मुक्काम केला आणि सकाळी फाटक उघडायच्या वेळेला हजर झालो. हा लेख त्या दुसऱ्या फेरीच्या अनुभवावर लिहिते आहे. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, बहुतेक मराठी घरांमध्ये युसेमिटी आणि टाहो सरोवर होऊन जातं, बोडी मात्र राहून जातं किंवा आमच्यासारखं घाईत उरकलं जातं. त्याला पूर्ण दिवस द्या आणि खाली सांगते त्या क्रमाने पाहा.

आधी गावाची थोडी ओळख

कॅलिफोर्नियात कोलोमा इथे सोनं सापडलं ते २४ जानेवारी १८४८ रोजी. आपल्याकडे पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तोच हा महिना. पुढच्या वर्षी जगभरातून माणसं सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर लोटली. नदीच्या वाळूत, पाटीत पाणी घोळवून सोनं शोधायचे ते दिवस. दहा वर्षांत तिथली सोपी जागा संपली आणि लोक डोंगर ओलांडून पूर्वेला, रुक्ष पठाराकडे वळले. त्यातल्या डब्ल्यू. एस. बोडी नावाच्या माणसाला १८५९ साली इथे सोनं सापडलं. त्याच हिवाळ्यात सामान घेऊन परतताना तो हिमवादळात सापडून मेला. आपल्या नावाचं गाव त्याने कधी पाहिलंच नाही, आणि त्याच्या नावाचं स्पेलिंगही गावाने पुढे बदलून टाकलं.

नंतरची पंधरा-सोळा वर्षं इथे जेमतेम काही खोपटी होती. मग एका खाणीतला भाग कोसळला आणि आतून सोन्याची श्रीमंत शीर उघडी पडली. स्टँडर्ड कंपनीने ती खाण घेतली आणि १८७७ पासून माणसांचा लोंढा सुरू झाला. १८८० च्या आसपास गावात सात ते दहा हजार लोक आणि सुमारे २,००० इमारती होत्या, असं सांगितलं जातं. मैलभर लांबीच्या मेन स्ट्रीटवर साठाहून जास्त दारूचे गुत्ते होते. भर ओसरायला दोन-तीन वर्षंही लागली नाहीत. तरी एकट्या स्टँडर्ड खाणीने पंचवीस वर्षांत जवळजवळ दीड कोटी डॉलरचं सोनं-चांदी दिलं.

इथली खाण दगडातली होती. एकट्या माणसाने पाटी घेऊन यावं आणि नशीब काढावं अशी सोय नव्हती. भांडवल कंपनीचं, यंत्रं कंपनीची, आणि खाणकामगार दिवसाला ४ डॉलर मजुरीवर भूगर्भात उतरणारे. गाव बघताना हे लक्षात ठेवलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

१८९२ आणि १९३२ अशा दोन मोठ्या आगी लागल्या. दुसरी आग काड्यांशी खेळणाऱ्या एका लहान मुलाच्या हातून लागल्याचं सांगतात, आणि तिने गावाचा मोठा भाग नेला. १९४२ साली युद्धकाळात सोन्याच्या खाणी बंद करण्याचा सरकारी हुकूम निघाला, त्याच वर्षी इथलं टपाल कार्यालयही बंद झालं. तोवर गावातली बरीच मालमत्ता केन कुटुंबाकडे आली होती. त्यांनी राखणदार ठेवले म्हणून उरलेलं तरी वाचलं. १९६२ पासून बोडी हे राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. आज शंभराच्या वर इमारती उभ्या आहेत. त्या पडू द्यायच्या नाहीत, पण रंगवून नव्याही करायच्या नाहीत, असं उद्यानाचं धोरण आहे. छप्पर गळायला लागलं तर दुरुस्त होतं, भिंत कलली तर टेकू लागतो. आतली धूळ तशीच राहते.

महिना ठरवताना

जूनचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, या बाहेर पहिल्यांदा जाणाऱ्याने जाऊ नये असं मला वाटतं. उद्यान वर्षभर उघडं असतं, पण बर्फ पडला की रस्ता गाड्यांना बंद होतो आणि मग तिथे स्की किंवा स्नोमोबाइलवरूनच पोहोचता येतं. उन्हाळ्यात वेळ साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी ६ असते, थंडीत ती लवकर संपते. निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर वेळ आणि रस्त्याची स्थिती दोन्ही पाहून घ्या.

माझी पसंती सप्टेंबरच्या अखेरीला. शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरलेली असते, आकाश लख्ख असतं आणि वाटेतल्या कॉनवे समिटच्या उतारावर ॲस्पेनची झाडं पिवळी व्हायला लागलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी डोंगरावर अचानक ढग जमून विजा कडाडतात. पठारावर आडोसा नाही, म्हणून त्या महिन्यांत सकाळ साधायची.

वाट

बोडीला जायचा सरळ रस्ता एकच धरा: हायवे ३९५ वरून राज्य मार्ग २७०. हा फाटा ब्रिजपोर्टच्या ७ मैल दक्षिणेला आणि ली व्हायनिंगच्या साधारण १८ मैल उत्तरेला आहे. तिथून आत १३ मैल. पहिले १० मैल डांबरी, शेवटचे ३ मैल कच्चे. फोनवरचा नकाशा कधीकधी मोनो सरोवराच्या बाजूने कॉटनवुड कॅन्यनचा किंवा नेवाडाकडून येणारा मातीचा रस्ता "जवळचा" म्हणून दाखवतो. त्या मोहात साध्या गाडीने पडू नका. आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण फाट्यानंतर सिग्नलच्या भरवशावर राहता येत नाही.

प्रश्न असतो तो ३९५ पर्यंत पोहोचायचा. बे एरियातून गेलात तर मधे सिएरा आडवी येते आणि ती कुठल्या तरी खिंडीतूनच ओलांडावी लागते.

सगळ्यात देखणी वाट युसेमिटीतून जाणाऱ्या मार्ग १२० ची, म्हणजे टायोगा खिंडीची. उंची ९,९४० फुटांच्या वर. ही खिंड साधारण नोव्हेंबरात बंद होते आणि मेअखेर किंवा जूनमध्ये उघडते, पण बर्फ जास्त असेल तर आणखी उशिरा. २०२३ साली ती उघडायला जुलैचा उत्तरार्ध उजाडला होता. म्हणून हॉटेल घेण्याआधी खिंडीची चौकशी करा, नंतर नव्हे. या वाटेने नुसतं पलीकडे जायचं असलं तरी युसेमिटीचं प्रवेशशुल्क भरावं लागतं. काही वर्षी गर्दीच्या दिवसांत गाडीचं आरक्षणही लागतं, आणि भारतीय पासपोर्टवर आलेले आई-वडील बरोबर असतील तर त्यांच्या शुल्काचा नियम वेगळा आहे का तेही आधीच पाहा. खिंडीतून ली व्हायनिंगकडे उतरताना तीव्र उतार आहे. सारखा ब्रेक दाबत बसू नका, लो गिअर टाका. घाटात गाडी चालवलेल्यांना हे सांगायला नको, पण इथल्या ऑटोमॅटिक गाड्यांची सवय झाली की विसरायला होतं.

दुसरी वाट मार्ग १०८ ची, सोनोरा खिंडीतून. उंची ९,६२४ फूट, चढ काही ठिकाणी २६ टक्क्यांपर्यंत. वळणं इतकी आवळ आहेत की ज्यांना गाडी लागते त्यांनी हा विचारही करू नये. पण या वाटेवर सोनोरा गावाजवळ कोलंबिया नावाचं सोन्याच्या काळातलं जुनं गाव आहे, आणि मुलं लहान असतील तर तिथे दोन तास जरूर थांबा. मार्च १८५० मध्ये इथे सोनं सापडलं. आज तिथल्या जुन्या दुकानांत अजून व्यवहार चालतात, घोडागाडीत बसता येतं, पाटीत वाळू घोळवून सोन्याचा कण शोधता येतो. कोलंबियात मुलांनी हाताने पाटी हलवली असेल, तर बोडीतली यंत्रं पाहताना त्यांना फरक आपोआप कळतो. आमच्या मुलाने तिथे तासभर वाळू घोळवून टिकलीच्या चौथाईएवढा चकाकता कण मिळवला आणि गिरणीत गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "एवढ्यासाठी एवढं मोठं मशीन?"

दोन्ही खिंडी बंद असल्या तर हायवे ५० किंवा ८० ने टाहोच्या बाजूने जाऊन ३९५ धरून खाली यावं लागतं. लॉस एंजेलिसकडून येणाऱ्यांना खिंडीची भानगडच नाही, ३९५ ने सरळ उत्तरेकडे यायचं. रीनोहून अडीच-तीन तास.

मुक्काम आणि उंची

सनीवेलहून टायोगामार्गे ली व्हायनिंगला सहा-सात तास लागतात, थांबत गेलात तर दिवस जातो. त्यामुळे एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचा विचार सोडा. पहिली रात्र ली व्हायनिंग, ब्रिजपोर्ट किंवा मॅमथ लेक्सला काढा. ली व्हायनिंग सगळ्यांत सोयीचं, पण खोल्या मोजक्या आणि उन्हाळ्यात महाग. मॅमथमध्ये पर्याय जास्त आहेत, त्यासाठी अर्धा तास जास्त गाडी चालवावी लागते.

मुक्काम करायचं दुसरं कारण उंचीचं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बोडी ८,३७५ फुटांवर, म्हणजे २,५५३ मीटरवर आहे. कळसूबाईवर आणखी ९०० मीटर चढवले की बोडीची उंची येते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट. बे एरियातून एका दमात तिथे गेलं की डोकं जड होतं, थोड्या चढानेही धाप लागते. एक रात्र साडेसहा-सात हजार फुटांवर झोपलं तर दुसऱ्या दिवशी बराच फरक पडतो. आईला रक्तदाबाचा त्रास आहे, म्हणून निघण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी हे टाळू नये. पाणी तहान लागायची वाट न बघता पीत राहा. संध्याकाळच्या मुक्कामी जड जेवण नको, पेजभात किंवा मुगाची खिचडी उत्तम. आम्ही छोटा राइस कुकर बरोबर नेतो.

गाडी, पेट्रोल, डबा

शेवटचे तीन मैल म्हणजे नालीदार पत्र्यावरून गाडी चालवल्यासारखं. साधी सेडान जाते, आमची गेली. ताशी दहा-पंधरा मैलांच्या वर जाऊ नका. टायरची हवा आणि स्टेपनी आधी बघा. भाड्याची गाडी असेल तर करारातली कच्च्या रस्त्याबद्दलची ओळ वाचा. आमच्या एका मित्राने ती वाचली नव्हती. टायर फाटल्यावर विमा लागू होत नाही असं कंपनीने सांगितलं आणि सगळा खर्च त्याच्या खिशातून गेला.

टाकी ली व्हायनिंग किंवा ब्रिजपोर्टला भरून घ्या. भाव डोळे पांढरे करणारा असतो, पण इलाज नाही. ली व्हायनिंगहून जाऊन-येऊन साठ-बासष्ट मैल होतात. विजेवरची गाडी असेल तर हाच हिशेब चढासकट धरा, बोडीत चार्जिंगची सोय नाही.

खायला गावात काहीही मिळत नाही. संग्रहालयातल्या छोट्या दुकानात पुस्तकं आणि आठवणीच्या वस्तू मिळतात, तेवढंच. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकड्या आणि दाण्याचे लाडू नेले होते. वाहनतळाजवळ जेवायला बाकं आहेत, स्वच्छतागृहही तिथेच आहे. प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी घ्या. टोपी, सनस्क्रीन, ओठांना लावायला काहीतरी, आणि भर उन्हाळ्यातही स्वेटर. सकाळी नऊला हवा बोचरी असते आणि अकरापर्यंत ऊन भाजायला लागतं. बूट बंद घाला, चपला नकोत: जमिनीत खिळे आणि काचा आहेत. प्रवेशशुल्क अलीकडे मोठ्यांना ८ आणि मुलांना ५ डॉलर आहे. कार्डाचं यंत्र चाललं नाही तर पंचाईत नको, म्हणून रोख जवळ ठेवा. प्रवेशद्वारावर गावाची माहितीपुस्तिका मिळते ती घ्याच. इमारतींना मुद्दाम फार पाट्या लावलेल्या नाहीत, त्यामुळे पुस्तिकेशिवाय निम्मं गाव मुकं राहतं.

गावात शिरल्यावर: सोन्याच्या मागोमाग चला

बहुतेक लोक वाहनतळातून निघून समोर येईल त्या घरात डोकावत जातात. त्यात मजा आहे, पण तासाभरात सगळी घरं सारखी दिसायला लागतात. त्याऐवजी सोन्याच्या एका कणाचा प्रवास डोक्यात धरा. खाणीतून गिरणीत, गिरणीतून तिजोरीत, तिजोरीतून बाहेरच्या जगात, आणि मजुरीच्या रूपाने उरलं ते गुत्त्यात, दुकानात, घरात.

*पहिलं, संग्रहालय.* मेन स्ट्रीटवर १८७८ साली बांधलेलं खाणकामगार संघटनेचं सभागृह आहे, तेच आता संग्रहालय. गेल्या गेल्या इथे जा, कारण गिरणीच्या फेरीची तिकिटं इथेच मिळतात आणि ती संपतात. त्या दिवशीच्या फेऱ्यांच्या वेळा विचारा आणि त्याभोवती बाकीचा दिवस आखा. वेळ उरला तर मग काचेच्या पेट्या बघा. काम करता करता जायबंदी झालेल्या सोबत्यांची आणि मेलेल्यांच्या अंत्यविधीची जबाबदारी त्या काळी अशा संघटनाच उचलत. नाच, लग्नसमारंभ, सभा, सगळं याच सभागृहात व्हायचं.

*दुसरं, गिरणी.* गावाच्या पूर्वेला टेकडीच्या पायथ्याशी करड्या पत्र्याची जी मोठी, पायऱ्या-पायऱ्यांची इमारत दिसते ती स्टँडर्ड कंपनीची गिरणी. जुनी १८९८ साली जळली, ही पुढच्या वर्षी उभी राहिली. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर जाता येतं. बोडीतली एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर ही पाहा.

आत वीस मुसळं आहेत. दुसरा शब्द मला सुचत नाही. उखळात मुसळ पडावं तसे लोखंडी दांडे वर उचलले जायचे आणि दगडावर आदळायचे. पाणी घालून त्या दगडाचं पीठ व्हायचं. ते पातळ पीठ पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहत जायचं, सोनं पाऱ्याला चिकटून मागे राहायचं आणि बाकी गाळ पुढे. मग तो पारा-सोन्याचा गोळा भट्टीत तापवायचा, पारा वाफ होऊन निघून जायचा, सोनं तळाशी. ही वाफ जवळ वावरणाऱ्यांच्या छातीत किती गेली असेल याचा विचार तिथे उभं राहिल्यावर आल्यावाचून राहत नाही. १८९० च्या दशकात सायनाइडची पद्धत आली. मग टाकून दिलेल्या गाळातूनही सोनं काढता येऊ लागलं आणि मरायला टेकलेल्या गावाला आणखी काही वर्षं मिळाली. गिरणीच्या आसपासचा परिसर अजून बंद ठेवलेला आहे. त्या मातीत पारा आणि सायनाइड मुरलेलं असू शकतं, म्हणून कुंपण ओलांडू नका, मुलांना माती हाताळू देऊ नका.

ही मुसळं रात्रंदिवस चालायची. आज त्या जागेची शांतता अनुभवताना गावाच्या मूळ आवाजाची कल्पनाच करता येत नाही. मार्गदर्शकाने लोखंडी भागावर नुसतं एकदा ठोकून दाखवलं, तरी आईने कानावर हात ठेवले.

*तिसरं, वीज.* इथे बाबांनी आमचे तीन तास खाल्ले, आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. गिरणी आधी वाफेवर चालायची, त्यासाठी लाकूड लागायचं. झाडं नसलेल्या पठारावर लाकूड म्हणजे सोन्याइतकाच खर्च. १८८१ साली त्यासाठी मोनो सरोवराच्या दक्षिणेकडच्या जंगलापर्यंत ३२ मैलांची अरुंद रेल्वे घातली गेली. तरी भागेना. मग १८९२-९३ मध्ये कंपनीने सुमारे १३ मैलांवर ग्रीन क्रीकच्या पाण्यावर जनित्र बसवलं आणि तिथून सुमारे ३,५०० व्होल्टची तार ओढून गिरणीतली मोटर फिरवली. एवढ्या लांबून वीज आणून यंत्र चालवण्याच्या जगातल्या पहिल्या काही प्रयोगांपैकी हा एक. वीज वळणावर तारेतून बाहेर उडून जाईल या भीतीने खांब सरळ रेषेत रोवले, अशी दंतकथा सांगितली जाते. बाबा त्यावर हसले नाहीत. म्हणाले, "ज्यांनी आयुष्यात वीज पाहिली नव्हती, त्यांनी दऱ्या-टेकड्यांवरून तेरा मैल लाइन ओढली. मला विचार, खांब रोवायला काय लागतं ते." गावात जुनं उपकेंद्र आहे, तिथे ते बराच वेळ उभे होते.

*चौथं, मेन स्ट्रीट.* गिरणीतून निघालेलं सोनं-चांदी विटांच्या रूपात बँकेत यायचं आणि तिथून सशस्त्र पहाऱ्यात घोडागाडीने नेवाडातल्या कार्सन सिटीकडे जायचं. बँक १९३२ च्या आगीत जळाली, पण तिची विटांची तिजोरीची खोली अजून उभी आहे. तिथून पुढे कलून टेकूवर उभं असलेलं हॉटेल, अग्निशमन केंद्र आणि बून यांचं दुकान पाहा. दुकानाच्या खिडकीतून दिसतं ते मला अजून आठवतं: फळ्यांवर डबे, पेट्या, कंदिलाच्या काचा, सगळं धुळीखाली, मालक जेवायला गेलाय असं. एक युक्ती सांगते. काचेवर उन्हाचं प्रतिबिंब पडून आतलं दिसत नाही, तर दोन्ही हातांचा आडोसा करून डोळे काचेजवळ न्या, आणि फोटो काढताना फोन काचेला अगदी टेकवून धरा.

इथेच किंग स्ट्रीटवर चिनी वस्ती होती. कपडे धुणं, भाजी विकणं, लाकूड पुरवणं ही कामं त्यांच्याकडे होती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायलाच बंदी झाली. त्या वस्तीचं आज जवळजवळ काही उरलेलं नाही, त्यामुळे पुस्तिका हातात असल्याशिवाय तुम्ही तिथून नुसते चालत जाल. आपण स्वतः दुसऱ्या देशातून येऊन इथे कामाला लागलेली माणसं. मला त्या रिकाम्या जागेवर थांबावंसं वाटलं.

*पाचवं, शाळा आणि घरं.* शाळेत बाकं, फळा, पृथ्वीचा गोल तसाच आहे. मुलांना इथे वेळ द्या. घरांमध्ये भिंतीचे कागद सुटून लोंबतायत, खाली पूर्वीचे थर दिसतात. मोजक्याच घरांत आत पाऊल टाकता येतं, बाकी सगळं खिडकीतून. मेथडिस्ट चर्च १८८२ चं, गावातलं उभं राहिलेलं एकमेव.

*शेवटी, दफनभूमी.* ही वाहनतळाच्या बाजूच्या टेकडीवर आहे, म्हणून बहुतेक लोक थकून तिला गाळतात. गाळू नका. प्रतिष्ठितांची थडगी कुंपणाच्या आत आणि वेश्या, चिनी यांची बाहेर, ही विभागणी तिथे जमिनीवर स्पष्ट दिसते. एका तीन वर्षांच्या मुलीच्या थडग्यावर पांढऱ्या दगडाची लहानशी देवदूत मुलगी बसलेली आहे. साल १८९७. आणि डब्ल्यू. एस. बोडीसाठी म्हणून गावाने घडवून घेतलेलं स्मारकही इथेच आहे, फक्त त्यावर त्याचं नाव नाही. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांची हत्या झाली आणि गावाने ते दगडी स्मारक त्यांना वाहून टाकलं.

उचलू नका

बोडीतून काहीही न्यायचं नाही. खिळा नाही, काचेचा तुकडा नाही, खडाही नाही. नेणाऱ्याला शाप लागतो अशी आख्यायिका आहे. माफीची पत्रं लिहून वस्तू टपालाने परत पाठवणारे लोक खरोखर आहेत, आणि त्यातली काही पत्रं संग्रहालयात पाहायला मिळतात. पण परत आलेली वस्तू कुठे पडलेली होती हे कोणालाच माहीत नसतं, आणि तिथेच तिची किंमत संपते. निघताना आमच्या चिरंजीवांच्या खिशात एक गंजका खिळा निघाला. बाबा त्याला घेऊन परत गेले आणि दोघांनी आठवून आठवून तो मूळ जागी ठेवला. वीस मिनिटं गेली. ड्रोन आणि धातुशोधक यंत्रालाही मनाई आहे. धूम्रपान फक्त वाहनतळावर, आणि लाकडाचं सुकं गाव पाहिल्यावर त्याचं कारण विचारावं लागत नाही.

परतताना

तीन-साडेतीनला निघालात तर संध्याकाळ मोनो सरोवरासाठी मिळते. दक्षिण काठावर चुनखडीचे उंच सुळके आहेत, सूर्य कलला की ते उजळतात. पाणी समुद्रापेक्षा जास्त खारट. १९४१ पासून लॉस एंजेलिसने याला मिळणारे ओढे वळवले, आणि पाणी आटत गेलं म्हणून पातळी कमी झाली. एरवी हे सुळके पाण्याखालीच असते. मोठ्या लढ्यानंतर १९९४ साली पाणी वळवण्यावर बंधनं आली. ही मूळची कुत्झादिका पायूट या आदिवासी लोकांची भूमी. या सरोवराच्या काठावरच्या माशीच्या कोशांवर आणि पिन्यन झाडाच्या बियांवर ते जगायचे. बोडीच्या भट्ट्यांसाठी तोडली गेली त्यात हीच पिन्यन झाडं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला थेट घरी निघायचं होतं, पण बाबांना तारेचं दुसरं टोक बघायचं होतं. ब्रिजपोर्टच्या दक्षिणेला ग्रीन क्रीकचा मातीचा रस्ता आहे, तुमच्याकडे दोन तास असतील आणि जमीन कोरडी असेल तर जा. डायनामो पाँड हे नाव अजून नकाशावर आहे. तिथे पाहण्यासारखी इमारत वगैरे काही नाही, पाणी आहे आणि सेजची झुडपं आहेत. बाबा काठावर उभे राहून पूर्वेकडे, बोडीच्या दिशेने हात लांब करून डोळा मिटून रेषा धरत होते. आईने थर्मासमधला चहा ओतला, आणि तो निवेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.